पौर्णिमेचा चंद्र आणि वैद्याची जागृती

पौर्णिमा जवळ आली की चिकित्सालयातील विचारणांचे स्वरूप थोडे बदलते, हा आपणांपैकी बहुतेकांचा अनुभव असेल. अपस्माराच्या रुग्णाचे वडील दबक्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, या पौर्णिमेला पुन्हा झटका येईल का?" श्वासाचा जुना रुग्ण चौकशी करतो की, कोजागरीचे औषध आपण देता काय. कोणी पंचांग पाहून औषध सुरू करण्याचा दिवस ठरवून येतो. औषधालयाच्या मालकाकडे 'पौर्णिमेच्या चांदण्यात सिद्ध केलेल्या' कल्पाची मागणी होते, आणि मागणी असली की पुरवठा करणारे निर्माण होतातच.

अशा प्रसंगी आपल्यापैकी काहीजण हसून विषय टाळतात, तर काहीजण रुग्णाच्या समजुतीला मान डोलावून मोकळे होतात. या दोन्ही मार्गांनी वैद्याचे कर्तव्य पुरे होत नाही, असे मला वाटते. ज्योतिषशास्त्राने पौर्णिमेला जो आध्यात्मिक अर्थ दिला आहे तो उथळ नाही आणि हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. पण तो अर्थ मनाच्या प्रांतातील आहे. त्याला औषधाच्या मात्रेत किंवा व्याधीच्या कारणात उतरवू लागलो की शास्त्राचाही अवमान होतो आणि रुग्णाचाही घात होतो. प्रस्तुत लेखात एवढाच विचार मांडावयाचा आहे.

पर्व म्हणजे सांधा

प्रथम पौर्णिमा म्हणजे काय ते नीट पाहू. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. हे अंतर १८० अंश झाले, म्हणजे चंद्र सूर्याच्या अगदी समोर आला, की पौर्णिमा ही तिथी संपते. चंद्राची गती कमीअधिक होत असल्याने तिथीचा कालावधी सुमारे २० ते २७ तासांच्या दरम्यान बदलतो. म्हणजे 'पूर्ण चंद्र' हा वास्तविक एक क्षण आहे. तो दिवसाही येऊ शकतो, रात्रीही येऊ शकतो.

हा क्षण ज्या नक्षत्राच्या आसपास घडतो त्यावरून आपल्या महिन्यांना नावे मिळाली. चित्रेजवळ चंद्र पूर्ण होतो तो चैत्र, कृत्तिकेजवळ पूर्ण होतो तो कार्तिक. वेदांग ज्योतिषातील पाच वर्षांच्या युगाची आणि त्यातील ६२ चांद्रमासांची मांडणीही मुख्यतः यज्ञाचे काळ निश्चित करण्यासाठीच होती. दर्श आणि पौर्णमास या दोन इष्टी अमावास्या व पौर्णिमेच्या संधीवर होत. या संधीला 'पर्व' म्हणत. पर्व म्हणजे सांधा, पेर. बोटाच्या पेराला आणि उसाच्या कांड्यालाही आपण हाच शब्द योजतो. दोन पक्ष जेथे जुळतात तो काळाचा सांधा होय.

शरीरातील संधीचे महत्त्व वैद्याला वेगळे सांगावयास नको. गती सांध्यातूनच मिळते आणि दोषही तेथेच आश्रय करतात. काळाच्या सांध्यावर थांबावे, अन्न कमी करावे, मन आवरावे, ही कल्पना त्यातूनच आली. वैदिकांचा उपवसथ, बौद्धांचा उपोसथ आणि जैनांचा पोषध या तिन्हींत पौर्णिमेला स्थान आहे. तीन परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न असूनही या दिवशीचे आचरण मात्र संयमाचेच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आत्मा आणि मन समोरासमोर

वराहमिहिराने बृहज्जातकात कालपुरुषाची कल्पना मांडताना सूर्याला आत्मा आणि चंद्राला मन म्हटले आहे. फलज्योतिषाचा सारा चंद्रविचार या एका सूत्राभोवती फिरतो. माता, जल, दूध, वात्सल्य, चंचलता हे सर्व चंद्राचे विषय मानले गेले ते याच कारणाने. अमावास्येला चंद्र सूर्यापाशी असतो, पण दिसत नाही. मन आत्म्यात लीन झाले की ते वेगळे उरत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. पौर्णिमेला मन आत्म्यापासून जास्तीत जास्त दूर जाते. परंतु तोंड त्याच्याकडेच असते, म्हणून ते पूर्ण प्रकाशते.

या प्रतिमेत दोन सूचना दडलेल्या आहेत. पहिली अशी की, चंद्राचे तेज त्याचे स्वतःचे नाही. आधुनिक मापनानुसार चंद्र आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा सुमारे १२ टक्के भागच परत पाठवतो; त्याचा पृष्ठभाग वस्तुतः काळसर आहे. तरीही त्या प्रकाशात रात्र उजळते. मनाने स्वतःच्या बुद्धीचा, कीर्तीचा, हातगुणाचा गर्व करू नये हे सांगण्यासाठी याहून समर्पक दृष्टांत शोधूनही सापडणार नाही. दुसरी सूचना अधिक कठोर आहे. चंद्रग्रहण केवळ पौर्णिमेलाच होऊ शकते. चंद्र पूर्ण असताना राहू किंवा केतूच्या बिंदूजवळ आला की त्याच रात्री तो झाकोळतो. पूर्णत्वाच्या क्षणीच ग्रासले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते, हे ज्याला उमगले त्याला पौर्णिमेचा अर्थ उमगला.

पौर्णिमा म्हणजे सरसकट शुभ, असेही ज्योतिष मानत नाही. पूर्ण चंद्र शुभ आणि क्षीण चंद्र पाप हा पक्षबलाचा नियम झाला. पण चंद्राचे उच्च स्थान वृषभेच्या तिसऱ्या अंशावर, म्हणजे कृत्तिका नक्षत्रात येते. आणि नीच स्थान वृश्चिकेच्या तिसऱ्या अंशावर, म्हणजे विशाखेच्या शेवटी येते. म्हणून कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र उच्चाच्या आसपास असतो, तर वैशाखी पौर्णिमेचा चंद्र नीचाच्या आसपास. आता पाहा, त्याच वैशाखी पौर्णिमेला परंपरेने भगवान बुद्धांचा जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण मानले आहे. मन जेथे सर्वांत दुर्बल सांगितले तेथेच ते पूर्ण प्रकाशाने भरलेले आढळते. ज्योतिषाची ही भाषा प्रतीकाची म्हणून वाचली, तर साधकाला तिच्यातून मोठा दिलासा मिळतो. औषधाच्या कार्डावरील 'शुभ दिवस' म्हणून ती वाचली, तर तिच्यातून काहीच मिळत नाही.

महाराष्ट्रातील पौर्णिमांची मालिका पाहिली तरी हाच भाव दिसतो. आषाढीला गुरू, श्रावणीला समुद्र आणि भावंडे, ज्येष्ठीला वटवृक्ष, मार्गशीर्षीला दत्तात्रेय. मनाने स्वतःबाहेरील कशाकडे तरी कृतज्ञतेने तोंड फिरवावे, असा प्रत्येक पौर्णिमेचा संकेत आहे.

संहितांतील चंद्र

आता आपल्या घरात येऊ. आयुर्वेदाने चंद्राला दुय्यम मानलेले नाही. विसर्ग, आदान आणि विक्षेप या तीन क्रियांनी सोम, सूर्य आणि वायू जसे जगाचे धारण करतात तसेच कफ, पित्त आणि वात देहाचे धारण करतात, ही सुश्रुतांची मांडणी आपण पहिल्याच वर्षी शिकतो. चरकसंहितेच्या तस्याशितीय अध्यायात वर्षा, शरद आणि हेमंत हा विसर्गकाळ सांगितला असून त्यात सोमाचे बळ अव्याहत असते, असे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात सोमाचे चोवीस प्रकार येतात. या वनस्पतीला शुक्ल पक्षात रोज एक पान फुटते, पौर्णिमेला पंधरा पाने होतात आणि कृष्ण पक्षात ती एकेक गळून अमावास्येला नुसती वेल उरते, असे तेथील वर्णन आहे. वनस्पती आणि चंद्र यांना एकाच सोम या नावाने ओळखणाऱ्या संस्कृतीची ही कल्पना सुंदर आहे. ती वनस्पती आज आपल्या हाती नाही, हेही तितकेच खरे.

पण संहितांनी तिथी-नक्षत्रांचा उपयोग कोठे केला आहे, हे बारकाईने पाहावे. संशोधनापूर्वी शुभ तिथी, नक्षत्र व मुहूर्त पाहण्यास चरकांनी सांगितले आहे. कल्पस्थानात औषधी गोळा करण्याचे नियम येतात: मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, पाने वर्षा व वसंतात, साल, कंद आणि चीक शरदात, सार हेमंतात. हे झाले द्रव्यासंबंधी. त्यापुढे गोळा करणाऱ्याने उपवास करावा, शुचिर्भूत व्हावे, शुभ्र वस्त्रे नेसावीत, देवतांचे पूजन करावे आणि पूर्वेकडे वा उत्तरेकडे तोंड करून द्रव्य घ्यावे, असे सांगितले आहे. म्हणजे द्रव्याचे वीर्य ऋतूवर ठरविले आणि व्रत मात्र माणसाला लावले. सुश्रुतांनी शिष्यांसाठी अनध्यायाचे दिवस सांगितले त्यांतही पौर्णिमा आहे. त्या दिवशी पाठ बंद ठेवावा, असा आदेश आहे. चिकित्सा बंद ठेवावी किंवा पथ्य सोडावे, असा आदेश कोठेही नाही.

चरकांनी चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले आहेत. दैवव्यपाश्रयात मंत्र, उपवास, नियम, प्रायश्चित्त इत्यादी येतात; युक्तिव्यपाश्रयात आहार आणि औषधद्रव्यांची योजना येते; आणि अहितकर विषयांपासून मन आवरणे हा सत्त्वावजय होय. पौर्णिमेचे स्थान पहिल्या व तिसऱ्या मार्गात निर्विवाद आहे. दुसऱ्या मार्गात काळाचा विचार करावयाचा तो दोन प्रकारचा: एक संवत्सररूप, म्हणजे ऋतू, दुसरा आतुरावस्था, म्हणजे रुग्णाची त्या घटकेची स्थिती. वैद्याने पंचांग उघडण्यापूर्वी नाडी, श्वासाची गती आणि बल पाहावे, असा या दुसऱ्या काळाचा अर्थ आहे.

कोजागरी आणि तमकश्वास

ही सर्व चर्चा व्यवहारात ज्या एका रात्री पणाला लागते ती रात्र म्हणजे आश्विन पौर्णिमा. लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते म्हणून ती कोजागरी. त्या रात्री आटवलेल्या दुधात चंद्राचे प्रतिबिंब पाहून ते प्राशन करण्याची आपली रीत आहे. उत्तरेत चित्रकूटसारख्या ठिकाणी याच रात्री श्वासाच्या रुग्णांना खिरीतून औषध देण्याची प्रथा आहे. ती अनुसरून आपल्याकडेही शिबिरे भरतात. मैदानात रांगा लागतात, खीर चांदण्यात ठेवली जाते, त्यात चूर्ण मिसळले जाते आणि मध्यरात्री वा पहाटे ती दिली जाते. बहुधा हे विनामूल्य असते आणि देणाऱ्यांचा हेतूही बहुधा चांगलाच असतो.

या प्रथेच्या मुळाशी काही तथ्य आहे का? माझ्या मते आहे, पण ते चांदण्यात शोधण्याऐवजी ऋतूत शोधावे. वर्षाऋतूत साठलेले पित्त शरदात प्रकुपित होते. म्हणून तिक्त घृत, विरेचन आणि रक्तमोक्षण यांचा हा काळ. दिवसा सूर्याने तापलेले आणि रात्री चंद्राने निवालेले हंसोदक याच ऋतूतील, आणि प्रदोषकाळी चंद्रकिरणांचे सेवन करण्यास आचार्यांनी सांगितले तेही याच ऋतूत. दुसरीकडे श्वास हा कफवातात्मक असला तरी त्याचा उद्भव पित्तस्थानातून सांगितला आहे आणि तमकश्वासात विरेचनाचा उपदेश आहे. विरेचनाचा ऋतू आणि विरेचनसाध्य व्याधी यांची ही गाठ आहे. शरदात श्वासाच्या रुग्णाकडे विशेष लक्ष द्यावे, हे शहाणपण कालौघात एका रात्रीच्या उपचारात आकसून गेले असावे, असा माझा तर्क आहे.

मात्र त्या रात्री प्रत्यक्ष जे घडते ते संहितेच्या कसोटीवर टिकत नाही. शरद ऋतुचर्येत चरकांनी वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत दव आहे, दही आहे, दिवसाची झोप आहे आणि पूर्वेचा वारा आहे. चांदणे प्रदोषकाळी घ्यावयाचे, पहाटेपर्यंत दवात बसून नव्हे. तमकश्वासाच्या वर्णनात ढगाळ हवा, पाणी, थंडी, पूर्वेचा वारा आणि कफकर आहार यांनी तो वाढतो असे स्पष्ट म्हटले आहे. निरोगी, पित्तप्रधान माणसाला वेलदोडा-केशर घातलेले कोमट दूध त्या रात्री हितकारकच आहे. पण तमकश्वासाच्या रुग्णाला मध्यरात्री उघड्यावर गार झालेली तांदुळाची खीर देणे, रात्रभर जागविणे आणि दुसऱ्या दिवशी त्याने जागरणामुळे दिवसा झोपणे, हा हेतुसेवनाचा संपूर्ण पाठ झाला. शीतोपचाराने शमणारा संतमक याच अध्यायात वेगळा सांगितला आहे, हे खरे. पण तो भेद करण्यासाठी रुग्ण तपासावा लागतो. हजारांच्या रांगेत तो तपासला जात नाही.

काही वर्षांपूर्वी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पस्तिशीतील एका स्त्रीला तिचे दीर माझ्याकडे घेऊन आले. आदल्या रात्री ती अशाच एका शिबिराला गेली होती. औषधाचा गुण यावयाचा तर आठवडाभर आधीपासून इतर सर्व उपाय थांबवावेत, अशी सूचना तिला मिळाली होती. तिने नियमित घेत असलेला पंप बंद केला. सात दिवस पंप नाही, सातव्या रात्री मैदानातले दव आणि पोटात खीर. माझ्यासमोर बसली तेव्हा तिला एक वाक्य एका श्वासात पुरे करता येत नव्हते. ओठांवर निळसर छटा होती. मी प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात तिला तत्काळ पाठविले आणि सुदैवाने ती वाचली. पुढे तिने मला विचारले, "माझीच श्रद्धा कमी पडली का?" त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. औषध चुकले, पथ्य चुकले, सूचना चुकली. आणि दोष मात्र रुग्णाने आपल्या श्रद्धेवर घेतला.

'ठीक मध्यरात्री बारा वाजता' या आग्रहाविषयीही दोन शब्द. घड्याळातील बारा हे भारतीय प्रमाणवेळेचे बारा होत. मुंबईचा स्थानिक मध्यम काळ त्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे आहे. कोजागरीला मध्यरात्री पौर्णिमा तिथी चालू असावी लागते, परंतु चंद्र पूर्ण होण्याचा नेमका क्षण बहुधा त्यानंतर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी येतो. ज्योतिषाच्या नावाने जो काटेकोरपणा मिरविला जातो तो ज्योतिषाच्या गणितालाही धरून नसतो.

पौर्णिमा आणि मनोविकार

दुसरा प्रश्न अपस्मार आणि उन्मादाचा. पूर्ण चंद्र आणि वेड यांचा संबंध जगातील अनेक संस्कृतींनी जोडला आहे. आपल्याकडेही भूतविद्येत ग्रहांच्या आवेशाचे दिवस सांगितले आहेत. परंतु सुश्रुत देवग्रहांचा काळ पौर्णिमा सांगतात, तर चरक देवांसाठी शुक्ल प्रतिपदा व त्रयोदशी सांगून पूर्णचंद्रदर्शनाचा दिवस ब्रह्मराक्षसांकडे देतात. दोन आर्ष ग्रंथांत येथे एकवाक्यता नाही. मग रुग्णाच्या घरच्यांना ठाम तारीख आपण कोणत्या आधारे द्यावी?

त्याहून महत्त्वाची गोष्ट निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. जो स्वतःच्या कर्माने क्लिष्ट झालेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस कोणीही पीडा देत नाहीत. प्रज्ञापराधातून उद्भवलेल्या व्याधीसाठी देवांना वा पितरांना दोष देऊ नये, असा तेथील आशय आहे. भूतविद्या सांगणाऱ्या आचार्यांनीच ही मर्यादा घातली आहे, हे आपण रुग्णाला सांगतो का?

आधुनिक संशोधनाचीही येथे दखल घ्यावी. रॉटन आणि केली या संशोधकांनी १९८५ मध्ये ३७ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा चंद्रकला आणि मनोविकारजन्य वर्तन यांत व्यवहारात मोजण्यासारखा संबंध त्यांना आढळला नाही. झोपेच्या बाबतीत मात्र चित्र थोडे निराळे आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ३३ व्यक्तींच्या नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्ण चंद्राच्या आसपास झोप सरासरी २० मिनिटांनी कमी आणि गाढ झोपेच्या लहरी सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळल्या. अर्जेंटिनातील तोबा आदिवासी आणि अमेरिकेतील सिअॅटल येथील विद्यार्थी यांच्यावरील २०२१ च्या अभ्यासात पौर्णिमेच्या आधीच्या रात्रींना लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असे दिसले. हे अभ्यास लहान आहेत. त्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण निद्रानाशाने अपस्माराचा वेग येऊ शकतो आणि उन्मादाचा रुग्ण बिघडू शकतो, हे निर्विवाद आहे. तेव्हा पौर्णिमेला घाबरणाऱ्या कुटुंबाला देण्याजोगा सल्ला साधा आहे: त्या दिवसांत रुग्णाला वेळेवर झोपवा, जागरणाच्या कार्यक्रमाला नेऊ नका, चालू औषधाची एकही मात्रा चुकवू नका आणि झटका कोणत्या तारखेला आला ते वहीत लिहून ठेवा. वर्षभराची वही समोर आली की पौर्णिमेचा संबंध आहे की नाही हे त्यांचे त्यांनाच दिसते. भीतीचे निराकरण नोंदीने होते. उपहासाने ती अधिक खोल जाते.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी

औषधालये चालविणाऱ्या आपल्या सभासदांपुढेही हा प्रश्न आहे. चंद्रपुटी प्रवाळ पिष्टी ही आपल्या परंपरेतील मान्य कल्पना आहे. अग्नीचा संस्कार टाळून गुलाबजलाच्या भावना देणे, खल करणे आणि चांदण्यात ठेवणे यामागे शीतवीर्य राखण्याची दृष्टी आहे. ज्याने लेबलावर 'चंद्रपुटी' लिहिले त्याने ते खरोखर करावे आणि बॅचच्या नोंदीत किती भावना दिल्या, किती दिवस खल केला, किती रात्री ठेवले हे लिहावे. शेड्यूल टी नुसार नोंदी ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहेच. पिष्टीची सूक्ष्मता आणि प्रवाळाची शुद्धता यांत उणीव असेल तर ती चांदण्याने भरून निघत नाही.

जाहिरातीविषयी अधिक सावध राहावे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत अपस्मार, झटके आणि वेड यांचा समावेश आहे. श्वासाचे नाव औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये आहे. 'पौर्णिमेची एक मात्रा, दमा कायमचा बरा' असा फलक कायद्याच्या दृष्टीने अडचणीचा आहेच. पण कायदा नसता तरी तो आपल्या शास्त्राला शोभला नसता. याप्य व्याधीला साध्य म्हणणे हा वैद्यकातील असत्याचा सर्वांत महाग प्रकार आहे, कारण त्याची किंमत दुसराच चुकवितो.

काय करावे

"लोकांची श्रद्धा आहे, त्यांना बरे वाटते, मग आपण आड का यावे?" असा प्रश्न विचारला जातो. आड येण्याचे कारण नाही. पण श्रद्धेला योग्य स्थान दाखविणे हे वैद्याचे काम आहे. माझ्या चिकित्सालयात मी पौर्णिमेचा उपवास करू इच्छिणाऱ्या रुग्णाला, प्रकृती व बल पाहून, प्रोत्साहनच देतो. मन शांत ठेवणे, थोडे मौन, लघु आहार, वेळेवर निद्रा यांनी चिंतेने ग्रासलेल्या अनेकांना लाभ होतो. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या, गर्भिणी आणि दुर्बल रुग्णांना मात्र मी उपवासाऐवजी नामस्मरण वा मौन सुचवितो. दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय हे एकमेकांचे पर्याय नाहीत, हे त्यांना एवढ्यावरूनही कळते.

कोजागरीचे कार्यक्रम करणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे की, श्वासाच्या रुग्णांसाठी ते रात्रीऐवजी दिवसा, पूर्वतपासणीसह करावेत. प्रत्येक रुग्णाची दोषावस्था पाहून विरेचनास योग्य-अयोग्य ठरवावे. चालू असलेला पंप वा इतर औषध स्वतःहून थांबवू नये, हे मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. पावसाळ्यानंतरची बुरशी, मळणीची धूळ आणि दिवाळीच्या फटाक्यांचा धूर यांपासून जपण्याचे पत्रक द्यावे. रात्री दूध वाटावयाचे असेल तर ते निरोगी मंडळींना, गरम, आणि छपराखाली. संघटनेच्या जिल्हा शाखांनी याबाबत एकसारखी सूचना काढल्यास सर्वांनाच सोयीचे होईल.

आणि पौर्णिमेचा खरा अधिकार वैद्याने स्वतःवर चालवून घ्यावा. सुश्रुतांच्या अनध्यायाचा आजच्या काळात असा उपयोग करता येईल की, महिन्यातून त्या एका संध्याकाळी चिकित्सालय आटोपल्यावर गेल्या महिन्यातील रुग्णपत्रे पुन्हा वाचावीत. कोणाला गुण आला नाही, कोणाला वेळेवर पुढे पाठविले पाहिजे होते, कोणाशी बोलताना आवाज चढला, हे पाहावे. रुग्णांनी दिलेली कीर्ती आपल्या स्वतःच्या तेजाची आहे की शास्त्राच्या, याचाही तेव्हा विचार व्हावा. चंद्र पूर्ण असतानाच ग्रहणाची शक्यता असते, हे ज्योतिषाचे सूत्र यशस्वी वैद्याने विशेषकरून ध्यानात ठेवावे.

कोण जागे आहे, हा कोजागरीचा प्रश्न रात्रभर मैदानात थंडीने कुडकुडणाऱ्या श्वासाच्या रुग्णाला विचारलेला नाही. तो ज्याच्या हाती औषध आहे त्याला विचारलेला आहे. सुज्ञ सभासदांनी या विषयावरील आपले अनुभव व मतभेद अवश्य कळवावेत, ही विनंती.